निवडणूक संपली, पण भांडण संपते का?



मतभेद असावेत, पण मनभेद नसावा, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. ही शिकवण सर्वांना पाठ आहे. परंतु तिची परीक्षा होते ती निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी. व्हिलेज कौन्सिलची निवडणूक असो, नगरपालिकेची असो की एखाद्या मंडळीच्या कार्यकारिणीची असो, एक उमेदवार जिंकतो आणि दुसरा हरतो. पुढे गणेश चतुर्थीला त्या दोघांना एकाच आरतीला उभे राहायचे असते. त्यावेळी ते एकमेकांकडे पाहतात की पाठ फिरवतात, यावर गावाची शांती अवलंबून असते.

पूर्वी असे भांडण दुकानाच्या पायरीवर होई आणि रात्र पडली की थंड होई. आता ते ई-मेलने आणि मोबाईलवरून होते. रागाच्या भरात रात्री लिहिलेला मजकूर सकाळपर्यंत शंभर घरी पोहोचतो. तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो, पण लिहिलेला शब्द राहतो आणि पुन्हा पुन्हा वाचला जातो. म्हणून आज आम्ही जर्मनी देशातील कोलोन शहराची हकीकत आपल्यापुढे ठेवीत आहोत. ऱ्हाईन नदीच्या काठचे हे दहा लाखांहून अधिक वस्तीचे मोठे शहर आहे. मोठ्या शहरातही भांडणे लहान गावासारखीच असतात, हे त्यावरून दिसेल.

२५ मे २०१४ रोजी कोलोनच्या कौन्सिलची निवडणूक झाली. कौन्सिलमध्ये ९० जागा होत्या. समाजवादी लोकशाही पक्ष आणि ग्रीन पक्ष यांना मिळून, मेयरचे मत धरून, फक्त एका मताचे बहुमत मिळाले. परंतु रोडेनकिर्खेन भागातील टपाली मतांच्या एका मोजणीचा आकडा लोकांना खटकला. आजूबाजूला ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचा जोर असताना येथेच निकाल उलटा कसा? दोन पक्षांचे आकडे अदलाबदल झाले असावेत, अशी शंका आली.

एका मतावर सत्ता उभी होती, तेव्हा वाद पेटणारच. जिंकलेले म्हणाले, निकाल लागला आहे. हरलेले म्हणाले, मतपत्रिका पुन्हा मोजा. या राज्याच्या कायद्याप्रमाणे निकाल जाहीर झाल्यापासून एक महिन्याच्या आत हरकत घेता येते. तिच्यावर प्रथम निर्णय देते ती नवी कौन्सिलच, म्हणजे ज्यांच्या जागेबद्दल तक्रार असते तेही न्याय करायला बसतात. हा दोष ओळखूनच कायद्याने पुढे कोर्टाचा दरवाजा उघडा ठेवला आहे. आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रातही ग्रामपंचायतीच्या निकालाविरुद्ध १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. मुदत थोडी असते, कारण गावाला फार दिवस संशयात ठेवणे बरे नव्हे.

कोलोनचे प्रकरण कोर्टात गेले. शेवटी मे २०१५ मध्ये, म्हणजे जवळजवळ एक वर्षाने, ती मते पुन्हा मोजली गेली. शंका खरी ठरली. आकडे खरोखरच उलटे लिहिले गेले होते! समाजवादी लोकशाही पक्षाची एक जागा गेली, ती ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाला मिळाली आणि एका मताचे बहुमत नाहीसे झाले. ज्यांची जागा गेली ते योखेन ओट हे त्या पक्षाचे शहरातील पुढारी होते आणि येणाऱ्या मेयरच्या निवडणुकीचे उमेदवारही.

भांडण एवढ्यावर थांबले नाही. मेयरची निवडणूक सप्टेंबर २०१५ मध्ये व्हायची होती. ओट यांच्यासमोर हेन्रिएट रेकर या अपक्ष बाई उभ्या होत्या. त्यांना इतर काही पक्षांचा पाठिंबा होता. मतपत्रिका छापून आल्या तेव्हा पक्षांची नावे मोठ्या अक्षरांत आणि उमेदवारांची लहान अक्षरांत दिसली. अपक्षाला तर पक्षाचे नावच नसते! पुन्हा हरकत निघाली, टपालाने आलेली मते रद्द झाली आणि निवडणूक १८ ऑक्टोबरवर गेली.

त्याच्या आदल्या दिवशी, १७ ऑक्टोबरला सकाळी, रेकरबाई बाजारात लोकांना गुलाबाची फुले वाटीत होत्या. एका माणसाने जवळ येऊन त्यांच्या मानेवर सुरा चालवला. निर्वासितांना आसरा देण्याचे काम शहराच्या वतीने त्या पाहत होत्या, याचा त्याला राग होता. त्या क्षणी अक्षरांचा आकार आणि एका जागेची बेरीज या गोष्टी मागे पडल्या. ओट यांच्यासह सर्व पक्षांनी प्रचार बंद केला. मतदान मात्र ठरल्या दिवशीच झाले. रेकरबाई रुग्णालयात बेशुद्ध असताना सुमारे ५२.७ टक्के मतांनी निवडून आल्या आणि कोलोनच्या पहिल्या महिला मेयर झाल्या. हल्लेखोराला पुढे १४ वर्षांची शिक्षा झाली.

आम्हाला येथे दोन प्रकारची भांडणे दिसतात. ओट आणि त्यांचे विरोधक वर्षभर भांडले, पण मोजण्यासारख्या गोष्टीवर भांडले. कागद होता, मुदत होती, न्यायाधीश होता. म्हणून ते भांडण संपले. दुसरे भांडण माणसाच्या जिवावरच उठते. ते कोर्टात जात नाही आणि मोजणीने मिटत नाही. जून २०१९ मध्ये कासेलचे अधिकारी वाल्टर ल्यूबके यांचा त्यांच्या घरी खून झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत रेकरबाईंना ई-मेलने जिवे मारण्याची धमकी आली. अशी पत्रे गावोगावच्या मेयरना येऊ लागली, तेव्हा २०२१ मध्ये कायदा कडक करून गावपातळीवरच्या लोकप्रतिनिधींनाही जास्त संरक्षण देण्यात आले. कोलोनच्या बहुतेक पक्षांनी तर सभ्य प्रचाराचा लेखी करार केला. २०२५ च्या निवडणुकीत त्या कराराखालच्या तक्रारी ऐकण्यासाठी चर्चची माणसे मध्यस्थ म्हणून होती.

आपल्या बेटावर सारे एकमेकांना ओळखतात. आज ज्याला आपण चोर म्हणून लिहितो, त्याच्या घरी उद्या आपली मुलगी सून म्हणून जाऊ शकते. हरलेल्याला शंका असेल, तर त्याने हरकत जरूर घ्यावी. कोलोनमध्ये शंका घेणाऱ्यांचेच म्हणणे खरे निघाले, हे विसरू नये. पण ती हरकत योग्य ठिकाणी, मुदतीत आणि पुराव्यासह असावी. जिंकलेल्यानेही पुन्हा मोजणीला भिऊ नये. खरे मत दोनदा मोजले तरी तेवढेच भरते.

नाहीतर भले लोक म्हणतील, ‘ही कटकट नको,’ आणि उभेच राहणार नाहीत. मग गावाच्या रस्त्याचा आणि पाण्याचा कारभार कोण पाहणार? रागाचे पत्र रात्री लिहिले, तर सकाळी देवापुढे दिवा लावून ते पुन्हा वाचावे. पाठवण्यासारखे वाटले, तरच पाठवावे. एवढे केले तरी गावातली निम्मी भांडणे तेथेच मिटतील, असे आम्हाला वाटते.