परकायाप्रवेश आणि परतीची वाट

नटाच्या कलेचे वर्णन करताना मराठी नाट्यसमीक्षेत ‘परकायाप्रवेश’ हा शब्द इतका रूढ झाला आहे की, तो मूळचा योगसिद्धींच्या आख्यायिकांतला आहे याचे भानही सहसा राहत नाही. शंकराचार्यांनी मृत अमरू राजाच्या देहात प्रवेश केला, तेव्हा त्यांचा स्वतःचा देह शिष्यांनी गुहेत राखून ठेवला होता. आणि परक्या देहात आचार्यांना स्वतःचा विसर पडू लागला, तेव्हा त्यांना जागे करावयास शिष्यच गेले, असे ती आख्यायिका सांगते. समीक्षेने या कथेतील प्रवेश तेवढा उचलला. राखण सोडून दिली. भूमिकेत शिरलेल्या कलावंताची परतीची वाट कोण राखतो, हा प्रश्न त्यामुळे क्वचितच विचारला जातो. २०१० साली पडद्यावर आलेले दोन चित्रपट, डॅरन ॲरोनॉफ्स्की यांचा ‘ब्लॅक स्वॉन’ आणि रवी जाधव यांचा ‘नटरंग’, हाच प्रश्न दोन निराळ्या दिशांनी विचारतात.

‘ब्लॅक स्वॉन’ची कथा न्यूयॉर्कमधील एका बॅले-संस्थेत घडते. चायकोव्हस्की यांच्या ‘स्वान लेक’ या बॅलेत शापित राजहंसी ओडेट आणि तिचे रूप घेऊन राजपुत्राला फसविणारी ओडील या दोन्ही भूमिका एकाच नर्तकीने करावयाच्या, असा प्रघात आहे. १८९५ च्या सेंट पीटर्सबर्ग येथील प्रयोगात पिएरिना लेन्यानी हिने ओडीलच्या नृत्यात एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या, आणि तेव्हापासून त्या गिरक्या नर्तकीच्या कसोटीच होऊन बसल्या. चित्रपटातील नीना (नाटली पोर्टमन) ओडेट निर्दोष नाचते. ओडील तिला साधत नाही. दिग्दर्शक थॉमस तिला शिस्त सोडून स्वतःला झोकून देण्यास सांगतो, आणि ते शिकविण्याच्या मिषाने तिच्या अंगचटीस येतो. घरी आई, जी स्वतः एकेकाळची नर्तकी, तिला लहान मुलीप्रमाणे कोंडून ठेवते. नीनाच्या पाठीवर ओरखडे उठतात, पुढे तेथून पिसे फुटू लागतात. आरशातील प्रतिबिंब तिच्या आधी हालचाल करते. अखेरीस प्रतिस्पर्धी म्हणून जिला तिने आरशाच्या काचेने भोसकले ती दुसरी कोणी नसून आपणच होतो, हे तिला प्रयोगाच्या मध्यंतरात उमगते.

मॅथ्यू लिबाटीक यांचा हातात धरलेला कॅमेरा जवळजवळ सर्वकाळ नीनाच्या मानेमागे किंवा चेहऱ्यासमोर राहतो, त्यामुळे तिच्या जाणिवेबाहेरचे काही पडताळून पाहण्याची सोय प्रेक्षकाला उरत नाही. मानसशास्त्रीय थरारपटाचे बळ येथेच आहे, आणि त्याची मर्यादाही. नीनाच्या आधीची प्रमुख नर्तकी बेथ हिला वय झाले म्हणून दूर सारले जाते, ती अपघातात सापडते. म्हणजे हा आजार संस्थेतही आहे, एकट्या नीनाच्या मनात नव्हे. परंतु चित्रपट त्या खुणेपाशी थांबत नाही. प्रयोग यशस्वी होतो, टाळ्या पडतात, आणि थॉमसची पद्धती फलदायी ठरल्यासारखी वाटते. प्रेक्षक नीनाच्या भ्रमांची चर्चा करीत बाहेर पडतो. थॉमसला जाब कोणी विचारीत नाही.

आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘नटरंग’मधील गुणा कागलकर (अतुल कुलकर्णी) हा कागलच्या परिसरातील शेतमजूर, अंगाने पैलवान आणि तमाशाचा वेडा. मालकाच्या विहिरीवर यंत्र बसते, मोट बंद होते, हातचे काम जाते. मग तो फड उभा करतो. फडात नाच्या हवाच, असा आग्रह धरला जातो आणि ते सोंग घ्यावयास कोणीही तयार होत नाही, तेव्हा गुणाच कंबर लचकावयास शिकतो. तालमीत कमावलेला देह उतरवून दुसरा देह घडविण्याचा हा भाग खरे तर कथेतील सर्वांत समृद्ध. चित्रपटाने तो फार लवकर आटोपला, हे नमूद केले पाहिजे. पण गुणाचे मन भ्रमिष्ट होत नाही. आपण कोण आहोत हे त्याला शेवटपर्यंत ठाऊक असते. ते मान्य करावयास इतर तयार नसतात. घर त्याला दूर लोटते, आणि स्थानिक राजकारणाच्या वैरात सापडलेल्या त्याच्यावर गुंडांकडून लैंगिक अत्याचार होतो. नीनाची वाट आतून बुजते, गुणाची बाहेरून बुजविली जाते.

बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्रातील कुलीन स्त्रियांना नेसण्या-माळण्याचे वळण लावले, ही गोष्ट येथे आठवते. रंगपटात लुगडे उतरविल्यावर नारायणराव राजहंस यांना त्यांचे नाव आणि मान परत मिळत असे. नाच्याला तो मिळत नाही. दोघांच्या कलेत अंतर असेलही. पण वागणुकीतले अंतर कलेने ठरविलेले नाही, ते प्रेक्षागृहाच्या जातीने आणि वर्गाने ठरविले आहे.

दिदेरोने नटाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध संवादात श्रेष्ठ नट स्वतः अलिप्त राहतो असे प्रतिपादिले. गुणा त्या कसोटीस उतरतो, नीना उतरत नाही. तरीही दोघांची हानी होते. तेव्हा अलिप्तता ही नटाची राखण करावयास पुरेशी नाही, असे म्हणणे भाग पडते. या दोन भूमिका करणाऱ्यांची गोष्ट त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पोर्टमन यांनी सुमारे वर्षभर बॅलेचा सराव करून वजन घटविले; कुलकर्णी यांनी आधी पैलवानाचा देह कमावला आणि नंतर नाच्यासाठी तो उतरविला. पोर्टमन यांना ऑस्कर मिळाले, ‘नटरंग’ला २००९ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रीकरण संपल्यावर दोघेही आपापल्या नावाने घरी परतले, कारण त्यांच्यामागे करार, प्रतिष्ठा आणि ओळख उभी होती. फडातल्या नाच्यामागे यांपैकी काहीच उभे नसते.