साखळी सोडवणारा सोडा

पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली उलटी करून तिचा तळ पहा. बाणांच्या त्रिकोणात बहुधा १ हा आकडा दिसेल. ही बाटली ‘पेट’ म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट या प्लॅस्टिकची आहे, असा त्याचा अर्थ. इंग्लंडमधील व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली हा पदार्थ शोधून काढला. टेरिलीनचे कापडही याचेच!

दोन रंगांचे मणी आलटून पालटून ओवलेली माळ डोळ्यांपुढे आणा. पेटचा रेणू तसाच असतो. एक मणी टेरेफ्थॅलिक आम्लाचा, दुसरा एथिलीन ग्लायकॉलचा. बाटली वितळवून पुन्हा वापरता येते. पण उष्णतेने आणि ओलाव्याने माळ मध्येच तुटते, तिचे तुकडे आखूड होत जातात आणि प्लॅस्टिक कमकुवत बनते.

मग सगळी माळच सोडवली तर? त्यासाठी बाटल्यांचे स्वच्छ तुकडे एथिलीन ग्लायकॉलमध्ये सुमारे १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. ग्लायकॉलचे रेणू मण्यांमधले जोड तोडतात. शेवटी मिळतो एक लहान रेणू : मध्ये आम्ल, दोन्ही बाजूंना ग्लायकॉल. तो गरम पाण्यात विरघळतो. पाणी थंड झाले की त्याचे पांढरे स्फटिक वेगळे होतात. ते शुद्ध करून नवे पेट बनवता येते.

नुसत्या ग्लायकॉलने हे काम फार सावकाश होते. म्हणून उत्प्रेरक घालतात. तो क्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. तुम्ही विचाराल, “मग तो महाग असला म्हणून काय बिघडले?” बिघडते ते असे : तो द्रावणात विरघळून राहतो आणि परत मिळवणे कठीण जाते. नेहमीच्या वापरातले झिंक ॲसिटेट असेच अडकते. त्यातले जस्त सांडपाण्यात गेले तर जलचरांना अपाय होतो. २०१० साली स्पेनमधील संशोधकांनी त्याऐवजी चक्क धुण्याचा सोडा वापरून पाहिला. उत्पादन झिंक ॲसिटेटच्या जवळपास आले! नवे प्लॅस्टिक स्वस्त मिळत असताना जुने सोडवण्याचा खर्च असा थोडाथोडा कमी करावाच लागतो.

मात्र पॉलिथिनच्या पिशवीपुढे ही युक्ती चालत नाही. तिच्या माळेत कार्बनला कार्बन जोडलेला असतो. तो जोड ग्लायकॉलला तुटत नाही. म्हणून बाटल्या आणि पिशव्या वेगळ्या ठेवणे हे पहिले काम. ते कारखान्यात नव्हे, तुमच्या घरी सुरू होते. ग्लायकॉल मात्र विषारी आहे. हा प्रयोग घरी करू नका!