स्टेशन वॅगन कोणी मोडीत काढली?

रेल्वे स्थानकावरील उतारू व त्यांचे सामान मुक्कामी पोचविणारी लाकडी बांधणीची गाडी अमेरिकेत ‘स्टेशन वॅगन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. फोर्ड कंपनीने १९२९ मध्ये ती आपल्या मॉडेल ए श्रेणीत आणली, परंतु लाकडाची निगा राखणे जिकिरीचे असल्याने सामान्य कुटुंबाला ती परवडणारी नव्हती. १९४९ मध्ये प्लिमथने संपूर्ण पोलादी बांधणीची वॅगन काढली आणि हे चित्र पालटले.

युद्धोत्तर काळात सरकारी हमीच्या कर्जावर शहराबाहेर घरांच्या वसाहती उभ्या राहत होत्या. १९५६ च्या महामार्ग कायद्याने त्यांना रुंद रस्त्यांची जोड दिली. मुले, आठवड्याचा बाजार आणि सुटीतील बाडबिस्तरा एकदम सामावणारी वॅगन हे या मध्यमवर्गीय जीवनाचे वाहनच बनले. पोलादी दारांवर लाकडाचा भास निर्माण करणारे प्लास्टिकचे आवरण चढवून कारखानदारांनी जुन्या रूपाची हौसही भागविली.

मग अशी लोकप्रिय गाडी लयाला का गेली? लोकांची आवड बदलली, हे नेहमीचे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७५ मध्ये, अमेरिकेने इंधन बचतीचा कायदा केला. प्रत्येक कंपनीच्या प्रवासी मोटारींनी १९८५ पर्यंत गॅलनमागे सरासरी २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर, धावावे असे त्यात ठरले. हलक्या मालवाहू गाड्यांसाठी मात्र निराळे निकष ठेवण्यात आले आणि ते बरेच सैल राहिले. वॅगनची गणना मोटारीत होत असल्याने अवजड वॅगन कंपनीची सरासरी खाली ओढू लागली. क्रायस्लरची १९८४ सालची मिनिव्हॅन आणि नंतरच्या उंच जीपवजा गाड्या कुटुंबेच वापरीत, पण कायद्याच्या लेखी त्या मालवाहू ठरल्या. मिनिव्हॅन अधिक ऐसपैस व सोयीची होती, हे नाकारता येणार नाही. तथापि कारखानदारांचा ओढा सैल निकषांकडे वळला, यात नवल नाही. १९९६ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या मोठ्या वॅगन बंद केल्या. २००४ मध्ये तर सुबारू कंपनीने आपल्या आउटबॅक गाडीत किरकोळ फेरफार करून तिला मालवाहू वर्गात बसविले.

वॅगनचा घाटच कालबाह्य झाला असता, तर जर्मनी व स्वीडन या देशांत तो टिकला नसता. अमेरिकेत तेल वाचविण्यासाठी केलेल्या कायद्यानेच अधिक तेल पिणाऱ्या गाड्यांना वाट करून दिली. कायद्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी त्याचे फळ अखेर त्यातील व्याख्यांवर अवलंबून असते. व्याख्येत फट राहिली की बाजार ती अचूक हेरतो, आणि मग त्या फटीचाच राजरस्ता होतो.