साथीचे शब्द

‘साथ’ हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द. तबल्याची साथ, जन्माची साथ आणि पटकीची साथ! पहिल्या दोन साथी आपण मागून घेतो, तिसरीचे नाव निघाले की दाराला कडी लावतो. माझी दादी तिला ‘वबा’ म्हणायची. शेजारच्या आजी ‘मरीआईचा फेरा’ म्हणायच्या. डॉक्टरांना मात्र असे मोघम बोलून चालत नाही.

त्यांच्या लेखी ताप, खोकला, गाठ ही लक्षणे, रोग नव्हेत. जंतू शरीरात शिरून वाढू लागला की लागण झाली. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचे दिवस म्हणजे अधिशयन काळ. रोग एखाद्या मुलखात कायमच मुक्कामाला असेल तर तो प्रदेशनिष्ठ. पायऱ्यांच्या विहिरींतल्या पाण्यातून होणारा नारू हा तसाच रोग होता. २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर झाले. एखाद्या गावात वा वस्तीत अचानक नेहमीपेक्षा जास्त माणसे आजारी पडली तर तो उद्रेक. तो मोठ्या मुलखात पसरला की साथ, आणि देश-खंड ओलांडले की जागतिक साथ. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडसाठी हाच शब्द वापरला. तो रोग किती पसरला हे सांगतो, किती जीवघेणा आहे हे नव्हे.

शब्दांचा एवढा काथ्याकूट कशासाठी? सांगतो.

१९९४ च्या ऑगस्टअखेर बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरतेहून बातम्या आल्या आणि माणसे वाट फुटेल तिकडे निघाली. आमचे घनसावंगी गोदावरीच्या अलीकडे, बीड जिल्हा पलीकडे. त्याच दिवसांत पलीकडून माझे मामू आले. मी चोविशीतला, पदवीधर, कविता करणारा. तरी त्यांना ओट्यावरच थांबवले. पाण्याचा तांब्या लांबूनच ठेवला. ‘‘मेरेकू बुखार नै है, बेटा,’’ एवढेच ते म्हणाले. पाणी पिऊन आल्या पावली परत गेले.

पुढे कळले, प्लेगचेही प्रकार असतात. मामल्याचा होता गाठींचा प्लेग. तो उंदरांवरच्या पिसवा चावल्याने होतो. माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. सुरतेची भीती होती ती फुप्फुसाच्या प्लेगची. तो खोकल्यातल्या तुषारांतून पसरतो. दोन्हींवर वेळेत औषध दिले तर माणूस वाचतो. मामूंच्या गावात तर एकही रुग्ण नव्हता. ‘प्लेग’ या एका शब्दाने मी सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधले होते.

आजारी माणसाला वेगळे ठेवणे हे विलगीकरण. रुग्णाच्या संपर्कात आलेल्या, पण अजून धडधाकट असलेल्या माणसाला ठरावीक दिवस वेगळे ठेवणे हे अलगीकरण, म्हणजेच क्वारंटाईन. त्यात दिवस मोजलेले असतात, जेवणखाण आणि विचारपूस असते. मी केले ते यांपैकी काहीच नव्हते. त्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे : वाळीत टाकणे.

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, नव्या रोगांना गावाचे, देशाचे, समाजाचे नाव देऊ नका. रोग ओसरतो, नाव मात्र माणसांना चिकटून राहते. मामू आज हयात नाहीत. तो तांब्या अजून घरात आहे. पाहुणा आला की मी तो हातात देतो.