रात्रपाळी करून सायकल फेरीला जाताय?

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत भट्टीपुढं उभं राहणाऱ्याला उन्हाळा दुप्पट सोसावा लागतो. सुट्टीला पोरं मिळून सायकल फेरी काढतात, याचा आम्हाला आनंदच आहे. पण रात्रपाळी करून, न झोपता सायकलवर बसू नका. घामानं अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं.

फेरी पहाटे काढा, ऊन चढायच्या आत परता. सगळ्यात मागं राहणाऱ्याच्या वेगानं चला. चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर लाजू नका, सावलीत थांबा. कुणी बरळू लागला, अंग तापलं, तर घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

परतल्यावर गप्पांची बैठक हवीच. तिथं ताक, लिंबू सरबत ठेवा. घाम फार गेला असेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ ढवळून थोडं थोडं प्या. दारू नकोच, ती अंगातलं पाणी आणखी घालवते. अर्धा तास तरी एकत्र बसा. कुणाला त्रास होत असेल, तर तो चारचौघांत लवकर लक्षात येतो.