गिंप 2.10 आणि 3.0 : एका कॉम्प्युटरवर दोघंही सुखानं

तान्हा पोळा जवळ आला की वर्ध्यापासून सिंदी रेल्वेपर्यंत बॅनरांचा पूर येतो. अशा गर्दीत नवं सॉफ्टवेअर टाकायची हिंमत कोण करणार? म्हणून जुनं न काढता नवं सोबत ठेवायचा हा खटाटोप.

बॅनर बनवायच्या गिंप सॉफ्टवेअरचं 3.0 मार्च 2025 मध्ये आलं. आधीचं 2.10 होतं 2018 चं. मधली सात वर्षं वाट बघण्यात गेली! गंमत अशी, की 3.0 टाकण्यासाठी 2.10 काढायची गरज नाही. विंडोजवर दोघांचे फोल्डर वेगळे, सेटिंगही वेगळ्या. एकात ब्रश बदलला तर दुसऱ्याला पत्ता लागत नाही. विंडोज 7 वर मात्र 2.10 वरच भागवा, 3.0 ला किमान 10 लागतं. लिनक्सवाल्यांनी 3.0 ची ॲपइमेज उतरवावी. फाइलला चालवायची परवानगी द्या, डबल क्लिक करा, संपलं.

जुने पायथन प्लगइन 3.0 मध्ये चालत नाहीत, मी आख्खी संध्याकाळ त्यात घालवली. ते पायथन 2 चे, नवं गिंप पायथन 3 मागतं.

नव्यात इफेक्ट लेयरवर वेगळा राहतो. सावली कधीही कमी-जास्त करा. यासाठीच 3.0 घ्यावं. पण असा इफेक्ट असलेली फाइल 2.10 मध्ये उघडायची आशा ठेवू नका. जुन्या कामाची आधी कॉपी काढा, मग नव्यात उघडा. गिऱ्हाईक पुढच्या पोळ्याला तोच बॅनर, फक्त साल बदलून मागतंच ना भाऊ!