कोस्ता, झॉर्झ
(१४ ऑक्टोबर १९७१ – ५ ऑगस्ट २०२५). पोर्तुगीज फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म पोर्तू येथे. बचावफळीतील खेळाडू म्हणून त्याची बहुतेक कारकीर्द जन्मगावच्याच एफ. सी. पोर्तू या संघात गेली. २००३ मध्ये यूएफा चषक व २००४ मध्ये चँपियन्स लीग या संघाने जिंकली, ती त्याच्याच नेतृत्वाखाली. त्या वेळचा प्रशिक्षक झोझे मोरिन्यू हा खेळाडू म्हणून सामान्यच होता. कोस्ताचे नेमके उलट झाले. प्रशिक्षक म्हणून तो कोठेही दीर्घकाळ स्थिरावला नाही. २००९ मध्ये त्याने ओल्यानेन्स संघाला पोर्तुगालच्या पहिल्या श्रेणीत नेले. परंतु रूमानियातील क्लूझचा संघ २०१२ मध्ये अजिंक्य ठरला, तेव्हा त्याला पदावरून दूर करण्यात आलेले होते.

२०१८ ते २०२० या काळात तो मुंबई सिटी एफ. सी. चा प्रशिक्षक होता. पहिल्याच मोसमात संघ उपान्त्य फेरीत पोहोचला. तेथे मार्च २०१९ मध्ये अंधेरीच्या मैदानावर गोव्याच्या संघाने त्यास ५–१ असे हरविले व गोव्यातील परतीचा सामना जिंकूनही ती तूट भरून निघाली नाही. पुढील मोसमात पाचवे स्थान मिळाले. बाद फेरीत मात्र चारच संघांना प्रवेश होता. तो गेल्यावर २०२०-२१ मध्ये सेर्जिओ लोबेराच्या हाताखाली मुंबईने विजेतेपद मिळविले. २०२४ मध्ये कोस्ता संचालक म्हणून पोर्तू संघात परतला. त्याच संघाच्या सराव-केंद्रावर हृदयक्रिया बंद पडून तो मृत्यू पावला.